कोपऱ्यातला हुंकार

१

शनिवार उजाडला की आमच्या बेंगळुरूतल्या राजाजीनगरच्या घरात नुसती धांदल. पोळ्यांचा डबा, दह्याचं भांडं, बीपीच्या गोळ्या, कुदळ, पाइपचे जोड, जुन्या चादरी, सगळं गाडीत कोंबायचं आणि अख्खं शहर ओलांडून सर्जापूर रोडच्याही पार पलीकडे जायचं. का, तर तिथे आमच्या ह्यांनी जमीन घेतली होती.

हे म्हणजे उमाकांत. जन्म सरकारी कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासण्यात गेला, त्यामुळे माणसातही आधी दोष शोधायची सवय. निवृत्त झाले आणि डोक्यात शेतीने घर केलं. साताऱ्याकडे वडिलोपार्जित काही उरलं नव्हतं, म्हणून ह्या परमुलखात, एका लहानशा गावाच्या कडेला तुकडा घेतला. दोन खोल्या आणि पडवी बांधली, नारळ लावले. आमची लेक प्रांजली सर्जापूर रोडला नवव्या मजल्यावर राहते, ती त्याला 'वीकेंड होम' म्हणायची. मी वनवास म्हणायचे. पण खोटं कशाला बोलू, हळूहळू मलाही ते घर आवडायला लागलं होतं.

वास्तुशांत रीतसर केली. पद्मनाभ गुरुजींनी बाहेरच्या खोलीच्या आग्नेय कोपऱ्यात खड्डा करवला, कोपर-गुडघे पोटाशी घेतलेली वास्तुपुरुषाची बोटाएवढी प्रतिमा त्यात पालथी ठेवली, वर माती, वर फरशी. हात धुता धुता ते हसून म्हणाले, "आता इथे जपून बोलायचं हं वहिनी. वास्तू तथास्तु म्हणत असते."

हे काय मला नवीन होतं? लहानपणी तोंडातून 'मरू दे' निघालं की आई ह्याच वाक्यासकट फटका द्यायची. तरी माझी जीभ तिखट ती तिखटच. त्याच कोपऱ्यात ह्यांनी आपली वेताची खुर्ची टाकली. पेपर उघडला की माणूस संपला. मी काहीही सांगावं, पेपरामागून एकच उत्तर यायचं, "हं."

आणि आईची आणखी एक शिकवण माझ्या अंगात मुरलेली. निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. रविवारी संध्याकाळी कुलूप लावताना मी दाराला हात लावून म्हणायचे, "येते हं."

"अगं, कुणाला सांगतेस? भिंतींना?" हे गाडीतून चिडवायचे.

"घराला. तुमच्यापेक्षा ते तरी ऐकतं," मी म्हणायचे.

२

भांडण कशावरून, तर कंपाउंडच्या भिंतीवरून. आमच्या शेजारी आप्पाजींचं घर. म्हातारे आप्पाजी, त्यांची सून हेमलता, दोन मुलगे, चार म्हशी. त्यांच्या म्हशी वर्षानुवर्षं आमच्या तुकड्यातून तळ्यावर जात होत्या. ह्यांनी भिंत घातली आणि वाट बंद झाली. कागदावर ह्यांचं बरोबर होतं. म्हशींना कागद वाचता येत नाहीत, एवढीच अडचण.

मग सुरू झालं. एका शनिवारी गेलो तर भिंतीला भगदाड. पुढच्या वेळी ठिबकचे पाइप कापलेले. मग नारळाची रोपं उपटून ओळीने पडवीत मांडून ठेवलेली. पलीकडून शिव्याही यायच्या. कन्नडमधल्या शिव्या मला तीस वर्षांत जेवढ्या कळल्या नव्हत्या तेवढ्या त्या दोन महिन्यांत कळल्या. मीही गप्प बसणारी नव्हे. मराठीत द्यायचे, मोकळेपणी.

त्या दिवशी दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फुटली. दगड सरळ आमटीच्या पातेल्याशेजारी येऊन पडला. पलीकडे सगळीच ओरडत होती. माझं डोकं फिरलं. हातात पळी तशीच, आणि मी तळतळून म्हणाले, "वाचा बसो मेल्यांची! एकजात सगळ्यांची!"

बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "हं."

"नुसतं हं काय! उठा, जेवायला बसा," मी म्हटलं आणि फुटक्या खिडकीतून आणखी दगड येतो का ते बघायला वाकले. भिंतीपाशी हे उभे होते. उन्हात, कपाळावर हात धरून, पडलेल्या विटा मोजत.

मी तशीच मागे वळून बाहेरच्या खोलीत डोकावले. खुर्ची रिकामी होती, पेपर घडी घातलेला होता. म्हटलं, पंख्याचा आवाज असेल. मग लक्षात आलं की वीज सकाळपासून नव्हती. मी पानं वाढली.

३

त्यानंतर पलीकडून शिवी आली नाही.

पहिल्यांदा मला बरं वाटलं. म्हटलं, आली वाटतं अक्कल. पण माणसं होती तर खरी घरात. चूल पेटायची, दोरीवर कपडे वाळायचे, संध्याकाळी अंगणात सगळी बसायची. नुसती बसायची. म्हैस हंबरली तर ऐकू यायचं, बादली आपटली तर ऐकू यायचं. माणसाचा आवाज म्हणून नाही. एकदा आप्पाजींचा धाकटा मुलगा नारळावरून घसरून खाली पडला, चांगला दाणकन. त्याने तोंड उघडलं, हेमलता धावली, म्हातारा धावला, सगळ्यांची तोंडं उघडी, आणि आवाज कुणाच्याच तोंडून नाही. मी भिंतीआडून बघत होते.

"आपल्यावर बहिष्कार टाकलाय त्यांनी," हे म्हणाले. "नवीन तंत्र आहे. दुर्लक्ष कर."

"अहो, पडलेला पोर बहिष्कार म्हणून रडायचा थांबतो का?"

"तू पण ना शुभदा. काहीतरी साथ असेल. घसा बसला असेल सगळ्यांचा."

मी ते मान्य केलं. का नाही करणार? मी बी.एस्सी. झालेली बाई. साथ असते, घसा बसतो. फक्त त्या दिवसापासून मी बाहेरच्या खोलीत पाय टाकला की आधी खुर्चीकडे बघायचे. हे तिथे असले की जीव भांड्यात पडायचा. नसले की मी आतल्या आत ओठ दाबून कामं उरकायचे.

४

नासधूस मात्र थांबली नाही, तिची जागा बदलली. भिंत, पाइप, रोपं सगळं सोडून आता घराचा पाया उकरायला लागले. तोही एकाच ठिकाणी. आग्नेय कोपऱ्याच्या बाहेरच्या अंगाला. दर शनिवारी तिथे ताजा खड्डा. कुदळीचा नव्हे, मातीत बोटांच्या रेघा दिसायच्या.

ह्यांनी पोलिसात तक्रार केली. एक हवालदार मोटारसायकलवरून आला, पडवीत टोपी काढून बसला, आप्पाजींना बोलावून घेतलं. म्हातारा आला. हवालदाराने चार प्रश्न विचारले. म्हाताऱ्याचे ओठ हलले, गळ्याच्या शिरा फुगल्या, डोळ्यांतून पाणी आलं, शब्द आला नाही. मग त्याने आमच्यापुढे हात जोडले आणि रस्त्याकडे बोट दाखवलं. जा. पुन्हा हात जोडले, पुन्हा रस्ता. जा, जा.

हवालदार समजुतीने म्हणाला, "स्वल्प अड्जस्ट माडी, सार. जरा सांभाळून घ्या, गावची माणसं आहेत."

ह्यांचा पारा चढला. "अड्जस्ट? माझा पाया उकरतात आणि वर मलाच चालते व्हायला सांगतात? सांगून ठेवतो, मेलो तरी मी इथून हलणार नाही!"

मी त्यांच्या तोंडावर हात ठेवायला धावले. पोहोचले नाही.

आमच्या पाठीमागून, रिकाम्या घरातून, आवाज आला, "हं."

अगदी सहज, पेपरामागून यावा तसा. आम्ही चौघं पडवीत होतो. हवालदाराने मान वळवून दारातून आत बघितलं. "आत कोण आहे?"

"कुणी नाही," हे म्हणाले.

त्याने टोपी घातली आणि मी केलेला चहा न घेता निघून गेला. आप्पाजी पायरीवर खाली बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आता कुणी मला 'बिच्चारी' म्हटलं की तीच नजर आठवते.

५

त्या रविवारी निघायच्या वेळी हे म्हणाले, "तू हो पुढे. मी राहतो, पाया दुरुस्त करून घेतो." पुढच्या रविवारी म्हणाले, मोटर बिघडली आहे. त्याच्या पुढच्या रविवारी कारणच दिलं नाही. मग मीही तिथेच राहायला लागले. नवऱ्याला एकटं टाकून राजाजीनगरला काय करायचं होतं?

ह्यांना आयुष्यभर उताणं झोपायची सवय. छातीवर हात, तोंड उघडं, घोरणं असं की शेजारच्या खोलीतला माणूस उठावा. एका दुपारी आत आले तर हे बाहेरच्या खोलीत, खुर्चीशेजारी फरशीवर पालथे झोपलेले. कपाळ जमिनीला, कोपर आणि गुडघे पोटाशी घेतलेले. घोरणं नाही.

"अहो, असे काय झोपलात? श्वास कोंडेल."

"गार वाटतं," ते फरशीत तोंड खुपसून म्हणाले.

मग रोज तेच. जेवण झालं की तिथे. चहा झाला की तिथे. बोलणं कमी झालं. मी काही विचारलं तर फक्त "हं" यायचं, आणि मला समजेनासं झालं की हे ह्यांचं आहे की दुसरं. मी भांडले. रडले. म्हटलं, चला हो माझ्यासाठी, हवं तर पुन्हा या. ते मान उचलून बघायचे, डोळ्यांत ओळख असायची, माया असायची, आणि पुन्हा कपाळ टेकायचे.

प्रांजली आली. तिने बाबांना उठवून बसवलं, गाडीपर्यंत नेलं. गाडीच्या दारात त्यांचे पाय थांबले. ओढाताण नाही, आरडाओरड नाही. नुसते थांबले. तिने जोर लावला, ड्रायव्हरनेही लावला. ह्यांना घाम फुटला, तेही जोर लावत होते, मी बघितलं. त्यांना यायचं होतं! ते माझ्याकडे बघून म्हणाले, "शुभदा, मला पाऊल टाकता येत नाहीये गं."

प्रांजली म्हणाली, डिप्रेशन आहे, डॉक्टर आणते. ती डॉक्टर आणायला गेली.

६

त्याच दुपारी घरामागे उकरण्याचा आवाज आला. मी कुदळ उचलून धावले. हेमलता होती, कोपऱ्यापाशी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी माती काढत. नखं फुटलेली. मला बघून ती पळाली नाही.

मी तिला मारणार होते, देवाशप्पथ. पण तिने जीभ बाहेर काढून दाखवली, बोट त्या जिभेला लावलं आणि कोपऱ्याकडे बोट केलं. मग माझ्यासमोर मातीत पालथी पडली. कपाळ खाली, कोपर पोटाशी, गुडघे पोटाशी. तशी पडली, मग उठून बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला काय ठाऊक होतं आणि किती ठाऊक होतं, देव जाणे. पण इतके दिवस ती घर पाडायला नव्हती आली, एवढं मला कळलं.

मी तिचा हात धरून तिला आत आणलं. हे आतल्या खोलीत होते, तिथेही पालथेच. मी आधी त्या कोपऱ्यासमोर बसले. मोठ्याने म्हणाले, "हिची वाचा परत येऊ दे. सगळ्यांची येऊ दे."

काही नाही. बाहेर म्हैस ओरडली तेवढंच.

खरं सांगू? मी मनापासून म्हणतच नव्हते. शाप देताना बेंबीच्या देठापासून दिला होता. हे म्हणताना सगळं लक्ष आतल्या खोलीकडे होतं. माझा माणूस सुटू दे, बाकीच्यांचं मग बघू, असंच मनात होतं. जिच्या नखांतून रक्त येत होतं ती शेजारी बसलेली असतानासुद्धा! एवढीच माझी लायकी.

मग म्हणाले, "ह्यांना सोड. वाटलं तर मला ठेव, पण ह्यांना सोड." हे मात्र काळीज फाडून म्हणाले. ऐकण्यासाठी श्वास रोखला. तरीही काही नाही. एकदा तथास्तु म्हटलं की ते फिरत नाही, असंच बहुधा.

आम्ही दोघींनी फरशी उचकटली. हेमलता बोटांनी माती काढत गेली, मी ती पदरात भरत गेले. प्रतिमा तिथेच होती, बोटाएवढी. गुरुजींनी ती माझ्या डोळ्यांदेखत पालथी ठेवली होती. आता ती उताणी होती. हातपाय सैल सोडलेले, तोंड वर. खूप दिवसांनी कुणी पाठ टेकावी तशी.

हेमलताने घाईने माती लोटली आणि फरशी बसवली. मी आतल्या खोलीत धावले. हाक मारली, खांद्याला हात लावला. अंग त्या फरशीइतकंच गार होतं.

७

डॉक्टर म्हणाले, हार्ट. पालथं झोपल्याने कळलं नाही तुम्हाला.

मला एकच धास्ती होती, की उचलताना ते हलणार नाहीत. आप्पाजींचे दोघे मुलगे आले, न बोलता वाकले आणि उचललं. सहज उचलले गेले! गाडीत ठेवलं, गाडी निघाली, फाटक मागे पडलं. तशाही दुःखात माझ्या मनात आलं, हलवलं की नाही तुम्हाला? नेलं की नाही? सर्जापूर रोडवर ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, शेजारच्या गाडीत कुणी गाणी लावली होती, आणि मी त्यांच्या पायांवर हात ठेवून बसले होते. जवळजवळ समाधान होतं ते. बेंगळुरूतच सगळं उरकलं. अस्थी श्रीरंगपट्टणला कावेरीत सोडल्या. वाहत्या पाण्यात. आता ह्यांना कोण कुठे अडकवणार, असं म्हणत मी घाटावर पोटभर रडले.

८

तेरावं झाल्यावर प्रांजली म्हणाली, "आई, ते विकून टाकू. शेवटचं एकदा सामान आणू या."

मी म्हटलं, "सरी, चालेल." आणि ठरवलं, त्या घरात एक अक्षर बोलायचं नाही. चुकूनसुद्धा नाही.

दुपारी पोहोचलो. प्रांजलीने खोकी गाडीत भरली, मी भांडी आवरली. ती काही विचारायची, मी मानेने उत्तर द्यायचे. तिला वाटलं, आई कढ आवरतेय. वेताची खुर्ची तशीच ठेवली. कोपऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाणी बंद केलं, खिडक्या लावल्या. भिंतीच्या भगदाडातून हेमलता बघत उभी होती. मी तिच्यापुढे हात जोडले. तिने मान हलवली. क्षमा केली की निरोप दिला, कळलं नाही.

प्रांजली गाडीत जाऊन बसली. मी दार ओढलं, कुलूप लावलं, किल्ली फिरवली. झालं, सुटले असं वाटलं. सगळं अंग सैल झालं. आणि सवयीने हात आपोआप दारावर गेला.

"येते हं," मी म्हणाले.

भिंतीपलीकडे हेमलताने दोन्ही हात तोंडावर दाबले.

दाराच्या आतून, खाली, अगदी जमिनीलगतून आवाज आला. "हं." मग जरा थांबून, दमलेला, माझ्या ओळखीचा, पेपरामागचा आवाज म्हणाला, "ये. लवकर ये गं."

प्रांजलीने हॉर्न वाजवला. मी गाडीत बसले. "कुणाशी बोलत होतीस, आई?"

"कुणाशी नाही."

गिऱ्हाईक आलं होतं. मी किल्ली हरवली म्हणून सांगितलं. ती माझ्या उशाखाली आहे. आता मी प्रांजलीकडे, नवव्या मजल्यावर राहते. इथे वर सगळं छान आहे, लिफ्ट आहे, ऊन येतं. तिथे जायची मला भीती वाटत नाही. वाईट ह्याचं वाटतं की ज्या माणसाला मी कावेरीत सोडून मोकळं केलं असं समजले, तो त्या गार फरशीखाली तसाच पालथा पडून आहे, आणि मी त्याला येते म्हणून सांगून आले आहे. पोरीला हे कसं सांगू?

शनिवारी सकाळी जाग आली की हात आपोआप पोळ्यांच्या डब्याकडे जातो.